डॉक्टरीणबाईंचं मत

“फोनची घडी कशाला घालायची? लुगडं आहे का ते?”

डॉ. कुमुद तेंडोलकरांनी माझ्या दुकानात पाऊल टाकल्यावर उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. ते मला उद्देशून नव्हतं. काउंटरवर पडलेल्या वर्तमानपत्राला उद्देशून होतं. घडी घालता येणारा नवा फोन बाजारात आल्याची बातमी होती, आणि बाई चष्मा कपाळावर चढवून तिच्याशी भांडत होत्या.

शिरोड्याच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, रिचार्ज, लग्नपत्रिका, काय म्हणाल ते. त्या दिवशी बाई आधार कार्डाची प्रत काढायला आल्या, स्टूल ओढून बसल्या, आणि त्यानंतर जवळजवळ रोज सकाळी येऊन बसू लागल्या. बुटकी, ताठ मूर्ती. सुती साडी, पायात पुरुषी सँडल, आणि पांढऱ्या केसांचा बॉबकट. आमच्याकडे सत्तरी गाठलेल्या बाईचा बॉबकट तोवर कोणी पाहिला नव्हता. समुद्राच्या लाटांचं गणित संगणकावर मांडण्यात त्यांची सगळी हयात एका सरकारी प्रयोगशाळेत गेली होती. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर पुण्यातलं घर भाचीला देऊन त्या वडिलांच्या रिकाम्या घरात परत आल्या. ते घर समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर, माडांच्या बागेत.

नावापुढे डॉक्टर असल्यामुळे सुरुवातीला लोक त्यांना गुडघे दाखवायला यायचे. “मी त्यातली डॉक्टर नाही,” असं सांगून त्या थकल्या. मग लोकांनीच तोडगा काढला आणि त्यांचं नाव डॉक्टरीणबाई ठेवलं. गुडघे मात्र दाखवत राहिले.

बाई आधी पेपरातलं तंत्रज्ञानाचं पान उघडायच्या आणि प्रत्येक बातमीवर मत द्यायच्या. मोठ्याने, दुकानात कोण आहे न पाहता. चालकाविना धावणारी मोटार? “आंबोलीच्या घाटात आणा म्हणावं, धुकं उतरल्यावर. समोर म्हैस बसलेली असेल तेव्हा बघू.” मनगटावरचं घड्याळ झोप मोजतं? “झोप लागली की नाही हे सकाळी उठून घड्याळाला विचारायचं? मग आपण कशाला उठायचं?” अमुक संगणक मेंदूपेक्षा हजारपट वेगवान, असा मथळा दिसला की त्या पेपराची गुंडाळी करून काउंटरवर आपटायच्या आणि विचारायच्या, “कोणी मोजलं?” फॉर्म भरायला आलेलं गिऱ्हाईक दचकायचं.

एकदा मी त्यांना प्रश्नांची उत्तरं देणारा तो नवा प्रोग्राम दाखवला. त्यांनी स्वतःच टाइप केलं, “डॉ. कुमुद तेंडोलकर, शिरोडा, कोण?” उत्तर आलं की या ज्येष्ठ नर्तिका असून त्यांनी देशोदेशी कार्यक्रम केले आहेत. बाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. “बघ रे दत्ता, मी नाचलेसुद्धा!”

मग डोळे पुसून म्हणाल्या, “चुकलं याचं मला काही नाही. मी आयुष्यभर चुकले. पण ते अडखळलं नाही. माणूस खोटं बोलताना निदान घसा खाकरतो. आपल्याकडे देवाला कौल लावतात तेव्हा पाकळी कधी उजवी पडते, कधी डावी, आणि कधी पडतच नाही. मग गुरव सांगतो, देव आज बोलत नाही. या यंत्राला ‘आज बोलत नाही’ हे म्हणताच येत नाही बघ.”

गावाने त्यांना खऱ्या अर्थाने ओळखलं ते समईच्या भानगडीत.

आमच्या वाडीच्या देवळात नवे कॅमेरे बसवले होते. माणसाचा चेहरा पाहून तो कोण हे सांगणारा प्रोग्रामही त्याला जोडलेला. ही सगळी हौस देवस्थान कमिटीचा सचिव प्रकाश गावडे याची. उमदा माणूस, गावासाठी धावणारा, पण एकदा बोलला की मागे न येणारा. एक दिवस गाभाऱ्यातली मोठी समई दिसेना. कॅमेऱ्यात एक माणूस अंधुक दिसला. यंत्राने सांगितलं, हा बाबली. बाबली म्हणजे गावातले नारळ पाडणारा.

मंडपात माणसं जमली. बाबलीला दोघांनी दंडाला धरून उभा केला होता. माडावर वाऱ्यात हलत काम करणारा माणूस, पण जमिनीवर उभा असताना त्याचे पाय लटपटत होते. “मी नाय, आईशप्पत मी नाय,” एवढंच तो म्हणत होता. बाहेर कोणीतरी म्हणालं, आधी चार लगावा, मग पोलीस.

प्रकाशने लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला. “मशीन सांगता. नव्वद टक्के.”

“कशाचे नव्वद?” मागून आवाज आला. गर्दीतून वाट काढत बाई पुढे आल्या. “कोणी मोजले?”

“बाई, कंपनीचा सॉफ्टवेअर आसा.”

“असू दे. माझा फोटो काढ आणि त्याला विचार मी कोण.”

प्रकाशला नाही म्हणता येईना. त्याने तिथल्या तिथे फोटो काढून टाकला. यंत्राने थोडा विचार केला आणि सांगितलं की हे कमिटीचे अध्यक्ष. तेही जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी. अध्यक्ष शेजारीच उभे होते, मिशांसकट. हशा पिकला. पण बाई हसल्या नाहीत. त्या बाबलीचा दंड धरलेल्या दोघांकडे बघत राहिल्या, त्यांचे हात सुटेपर्यंत. मग म्हणाल्या, “बाबली, घरी जा.”

समई पुढे सापडली. गुरवाच्या मुलाने ती डाग देऊन सांधायला सावंतवाडीला दिली होती आणि घरी सांगायला विसरला होता. प्रकाशने बाबलीची माफी मागितली, सगळ्यांसमोर. बाईंशी मात्र तो तेव्हापासून तोलूनमापून बोलू लागला.

त्या दिवसापासून बाईंच्या मताला गावात शिक्क्याची किंमत आली. मोबाईलवर काहीही आलं की लोक दुकानात येऊन त्यांच्यासमोर धरायचे. अमुक नोटा बंद होणार, तमुक पुढारी गेला, समुद्रात राक्षसी मासा सापडला. बाई एक नजर टाकून म्हणायच्या, “खोटं.” माणूस समाधानाने जायचा. एकदा त्या मला म्हणाल्या, “हे बरं नाही होत आहे, दत्ता. मला ‘खोटं’ म्हणायची चटक लागत चालली आहे. आणि त्यांना ऐकायची.”

मग ती सकाळ आली.

पावसाळा सरला होता, किनाऱ्यावर रापणीची जाळी ओढायला सुरुवात झाली होती. बाई पेपर उघडून बसल्या होत्या. प्रकाश हातात मोबाईल घेऊन आत शिरला. त्याच्यामागे त्याची बहीण सुशीलाकाकी, आणि तिच्यामागे आठ-दहा माणसं. सुशीलाकाकी म्हणजे बाईंची शेजारीण, कुंपणापलीकडची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा महेश तेलाच्या जहाजावर इंजिनियर. ज्या समुद्रातून त्याचं जहाज जाणार होतं तिथे गेले काही महिने जहाजांवर हल्ले होत होते, हे आमच्या गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. इथे दर दोन घरांमागे एक माणूस जहाजावर आहे.

“बाई, ह्यो बघा,” प्रकाश म्हणाला. “आणि खोटो आसा म्हणान हिका सांगा.”

व्हिडिओत एक तेलाचं जहाज जळत होतं. काळा धूर, खाली पेटलेलं पाणी, कोणीतरी ओरडतंय. कॅमेरा जहाजाच्या मागच्या बाजूला आला आणि तिथलं नाव स्पष्ट वाचता आलं. ते महेशच्या जहाजाचं नाव होतं.

“त्याचो फोन लागणा नाय,” सुशीलाकाकी म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. त्याचीच भीती वाटली.

बाईंनी व्हिडिओ मला मोठ्या स्क्रीनवर लावायला सांगितला. आवाज बंद करायला लावला. पुन्हा लावला. परत पुन्हा. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “धूर इकडे चाललाय. आणि लाटांचे माथे बघ, ते उलट्या बाजूला फुटतायत. एकाच जागी दोन वारे. हे कोणीतरी बनवलेलं असावं.”

“मगे खोटो!” प्रकाशने टाळी वाजवली. “ऐकलंस मां, सुशे? बाईंनी सांगितला, खोटो!”

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. कोणीतरी चहा सांगायला निघालंसुद्धा. सुशीलाकाकीने दाराच्या चौकटीला हात टेकला.

“थांब, प्रकाश,” बाई म्हणाल्या. “व्हिडिओ बहुतेक बनावट आहे. बहुतेक. पण व्हिडिओ खोटा म्हणून महेश सुखरूप, असं होत नाही. ते मला माहीत नाही.”

चहा सांगायला निघालेला माणूस जागीच थांबला.

“ह्या सांगूची काय गरज होती?” प्रकाश हळू आवाजात म्हणाला. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

बाईंनी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. आत आम्ही चौघं उरलो. जहाजं कुठे आहेत ते दाखवणारी एक साईट असते, ती त्यांनी मला उघडायला लावली आणि महेशच्या जहाजाचं नाव टाकायला सांगितलं. नकाशावर निळं पाणी आलं, त्यात बाण असलेले कितीतरी रंगीत ठिपके, सगळे चालते. महेशच्या जहाजाचा ठिपका राखाडी होता. काल संध्याकाळपासून त्याचा संदेश आला नव्हता.

प्रकाशने ते वाचलं. सुशीलाकाकीच्या मागे उभं राहून त्याने मला हाताने खूण केली, बंद कर. माझा हात माऊसवरच राहिला.

“काय लिवलेला आसा?” सुशीलाकाकीने विचारलं. तिला इंग्रजी येत नव्हतं.

“बरा आसा म्हणान लिवलेला आसा,” प्रकाश म्हणाला.

तिने भावाकडे पाहिलंही नाही. ती बाईंकडे वळली. “कुमुद, ह्यो माझो भाव. ह्यो माका रडाक देऊचो नाय. तू सांग.”

बाई माझ्याशी नेहमी पुण्याची मराठी बोलत. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून आमची भाषा ऐकली.

“काल सांजेपासून जहाजाचो पत्तो लागणा नाय, सुशे. बुडला असा नाय. जळला असा नाय. पत्तो लागणा नाय, इतक्याच माका ठावक आसा.”

सुशीलाकाकी खाली बसली, तिथेच लादीवर. ओरडली नाही. पदराचं टोक दातांत धरलं.

“तुमी बाई नाय,” प्रकाश म्हणाला, “तुमी दगड आसात.” आणि तो बाहेर गेला. बाहेर त्याचा आवाज चढलेला ऐकू येत होता, आणि बाकीच्यांचा त्याला होकार.

बाईंनी स्टूल सुशीलाकाकीच्या शेजारी ओढलं आणि मोबाईल कानाला लावला. जहाज कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात कोणी उचलेना. त्या लावत राहिल्या. उचललं तर थांबा म्हणायचे आणि गाणं लावून ठेवायचे. बाई गाणं ऐकत बसायच्या. कोणी सांगितलं, योग्य वेळी माहिती दिली जाईल. कोणी विचारलं, तुम्ही त्यांच्या आई का?

“नाही. आई माझ्या शेजारी जमिनीवर बसली आहे. तुम्हाला जे माहीत आहे ते सांगा. आणि जे माहीत नाही, तेही माहीत नाही म्हणून सांगा. तिला दोन्ही हवंय.”

दुपार कलल्यावर एक अधिकारी नीट बोलला. धोक्याच्या पाण्यातून जाताना काही जहाजं मुद्दाम आपला ठावठिकाणा कळवणं बंद करतात, असं तो म्हणाला. या जहाजाने तसं केलंय का, हे त्याला त्या घडीला सांगता येत नव्हतं. बाईंनी ते सगळं जसंच्या तसं सुशीलाकाकीला सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. मला वाटलं, ते शेवटचं वाक्य त्यांनी गाळावं. त्यांनी गाळलं नाही.

त्या रात्री त्या सुशीलाकाकीच्या घरी राहिल्या. प्रकाश ओटीवर होता. दोघं एका छपराखाली, एकमेकांशी एक शब्द न बोलता.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला मी तिकडे गेलो, कारण फोन सतत चालू ठेवायचा म्हणून बाईंनी माझ्याकडून पॉवर बँक मागवली होती. मी अंगणात पोचतो तोच आतून सुशीलाकाकीची किंकाळी आली. मग ऐकू आलं, “माझ्या झिला! माझ्या झिला, बोल रे!”

महेशचा फोन होता. प्रकाश माझ्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. शेजारपाजारचे धावत आले, कोणी साखर आणली. बाई कुठेच दिसेनात. मी मागच्या बाजूला गेलो. त्या विहिरीच्या कठड्याला धरून वाकल्या होत्या आणि त्यांना उलटी होत होती. पोटात काही नव्हतंच, नुसते उमाळे. मी पाणी शेंदून दिलं. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं, आणि म्हणाल्या, “कोणाला सांगू नकोस.”

गावाने त्या दोन दिवसांचा हिशेब आपल्या पद्धतीने केला. व्हिडिओ खोटा निघाला, महेश सुखरूप निघाला. म्हणजे बाईंनी उगाच त्या माउलीला रडवलं. पहिल्यांदाच ‘खोटं’ म्हणाल्या असत्या तर काय बिघडत होतं? नाक्यावर, मासळी बाजारात, हेच. दुकानात मोबाईल घेऊन येणारे थांबले. समोरून बाई आल्या की काही बायका रस्त्याची दुसरी कड धरू लागल्या. दगड हा शब्द त्यांना चिकटला तो चिकटलाच.

बाई येत राहिल्या. पेपर उघडत, पण मोठ्याने कमी बोलत. न राहवून एकदा मीच विचारलं, “खोटं आहे एवढंच म्हटलं असतं तर?”

“आणि फोन आला नसता तर?” त्या म्हणाल्या. मग पेपराची घडी घातली. “पण लोकांचं अगदीच चूक आहे असं नाही, दत्ता. सुशीला एक रात्र शांत झोपली असती. ती रात्र मी तिची घेतली. ते खरंच आहे.”

सुशीलाकाकी यावर कोणाशी काहीच बोलली नाही. फक्त दोन घरांमधल्या कुंपणात एक जुनं बेडं, ये-जा करायची वाट, गडग्याच्या दगडांनी बुजवलेलं होतं, तिथले दगड तिने बाबलीला सांगून काढून घेतले. प्रकाशने विचारलं तेव्हा म्हणाली, “माका वळसो घालूक जमणा नाय आता.”

महेश सुट्टीवर आला तो घरी बॅग टाकून थेट दुकानात आला, बाईंना भेटायला. उंच, रापलेला, उजव्या मनगटावर भाजल्याचा ताजा डाग. जहाजाचा ठावठिकाणा कळवणं कॅप्टनने खरंच बंद केलं होतं. पण त्यांच्या पुढे जाणाऱ्या दुसऱ्या जहाजावर खरोखरच हल्ला झाला होता. त्यातली माणसं यांनी पाण्यातून वर घेतली. सगळी हाताला लागली नाहीत.

“तेच्यानंतर नेट इला,” महेश म्हणाला. “आणि ह्यो व्हिडिओ आमच्याच फोनवर इलो. आमचा जहाज जळताना आमी आमच्याच जहाजावर बसान बघितला. आमचो कुक, मोठो धीराचो माणूस. पाण्यातली माणसा वर ओढताना तेच्या डोळ्याक पाणी नाय. आणि ह्यो खोटो व्हिडिओ बघून ढसाढसा रडाक लागलो. असा कसा, मावशे? तुझा काय मत?”

मी बाईंकडे पाहिलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही पाहू लागली.

“ह्याच्यावर माका मत नाय रे,” त्या म्हणाल्या, आणि त्याच्या मनगटावरच्या डागाशेजारी बोटं ठेवून बसून राहिल्या.

पुढच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. दोन्ही डोळ्यांत मधोमध काळोख, कडेचं तेवढं दिसायचं. पडद्यासमोर जन्म काढलेल्या बाईला पडद्यावरचं अक्षर दिसेना. त्याचं त्यांनी कधी रडगाणं गायलं नाही, फक्त दुकानात येणं थांबवलं. पावसाआधी भाची येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली आणि त्या तिथेच वारल्या. बातमी आली तेव्हा बाबलीने आपणहून त्यांच्या आवारातले नारळ पाडले, सोलले आणि पुण्याला पाठवायचे म्हणून माझ्या दुकानासमोर आणून ठेवले. प्रकाश त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलला नव्हता. त्या दिवशी पोत्याला सुतळी बांधायला मात्र तोच खाली बसला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या पुण्याला जाण्याच्या थोडं आधी, वेळागरच्या किनाऱ्यावर. उन्हं उतरली होती, समुद्राला उधाण होतं, आणि जीवरक्षक पर्यटकांना शिट्या वाजवून मागे घेत होते. दूर, शिट्यांच्या पलीकडे, दोन बायका घोटाभर पाण्यात उभ्या होत्या. एकीचा बॉबकट वाऱ्याने विसकटलेला. दुसरीने साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मी हाक मारायला म्हणून जवळ गेलो आणि थांबलो.

बाईंचं तोंड समुद्राकडे होतं. मान किंचित तिरकी केली होती, कडेने काही दिसतं का ते बघत असाव्यात.

“मोठी येता काय गो?” त्यांनी विचारलं.

“येता,” सुशीलाकाकी म्हणाली. “बरीच मोठी आसा. पाय रोव.”

बाईंनी साडीचा घोळ मुठीत धरला आणि वाळूत पाय रोवले. सुशीलाकाकीने त्यांच्या कमरेला हाताचा विळखा घातला. लाट आली, दोघींच्या मांड्यांपर्यंत चढली, फेस उडून तोंडावर आला. दोघीही हलल्या नाहीत. पाणी मागे जाताना पायांखालची वाळू घेऊन गेलं, तेव्हा तेवढ्यापुरत्या एकमेकींवर रेलल्या, आणि पुढच्या लाटेसाठी पुन्हा सरळ उभ्या राहिल्या.